चोरवाटा बघायला शिकवा

प्रति,
पेण, रोहे आणि एकूणच रायगड जिल्ह्यातील महाविद्यालयांचे प्राचार्य, संगणकशास्त्राचे अध्यापक व प्रयोगशाळांचे प्रमुख यांस,



मी मूळचा रोह्याचा. नोकरी नवी मुंबईत, संगणक-सुरक्षेच्या कामात. पाळी जुळली तर दिवा-रोहा गाडी, नाहीतर एसटी. माझ्यासमोर दोन पडदे असतात. एकावर कंपनीच्या यंत्रांवर काय चाललंय त्याच्या नोंदी धावत असतात. दुसऱ्यावर हॅकरांच्या अड्ड्यांवरची खबरबात असते: कुठल्या प्रणालीतला दोष विकायला आलाय, कुठल्या कंपनीचे पासवर्ड फुटलेत, कुठली टोळी कुठल्या धंद्यामागे लागलीय. हा दुसरा पडदा बघण्यासाठी मला पगार मिळतो. हेच आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने केलं तर त्याच्या घरी बोलावणं जातं. म्हणून हे पत्र.

निमित्त सांगतो. आपल्याच भागातल्या एका महाविद्यालयातली दुसऱ्या वर्षाची मुलगी प्रयोगशाळेत ‘फ्रॅक’ वाचत बसली होती. १९८५ पासून निघणारं हे हॅकरांचं नियतकालिक. त्याच्या ४९व्या अंकात, १९९६ साली, एक लेख आला होता. प्रोग्रामने राखून ठेवलेल्या जागेत मावणार नाही इतका मजकूर कोंबला की त्या प्रोग्रामचा ताबा कसा घेता येतो, हे त्यात पायरीपायरीने सांगितलंय. संगणक-सुरक्षा शिकणारे आजही तो लेख वाचतात. आपल्याकडे मात्र ‘हॅकिंगचं काहीतरी चालू होतं’ म्हणून मुलीकडून माफीनामा लिहून घेतला गेला आणि तिची प्रयोगशाळा बंद झाली. तिच्या वडिलांचा पेणजवळ गणपतीचा कारखाना आहे. ऐन हंगामात काम टाकून ते कॉलेजात आले आणि ‘आमची पोरगी तसली नाही’ एवढंच सांगत राहिले. पोरीने काही केलंच नव्हतं, ती वाचत होती. मी कॉलेजचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका कॉलेजचा नाही.

आपल्यापैकी अनेकांची शेती खारेपाटात असेल. उधाणाच्या आधी बांधावरून फिरत खेकड्यांची बिळं हुडकणाऱ्या माणसाला कोणी बांधफोड्या म्हणत नाही. त्याने बिळं पाहिली नाहीत तर खांड जाते आणि खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरतं. माझं म्हणणं एवढंच आहे. हॅकरांचं जग बघणं हा गुन्हा नाही, ते या विद्येचं अंग आहे. ते शिस्तीने बघायला आपण शिकवलं नाही, तर मुलं एकटी आणि बेशिस्त बघतील. गाऱ्हाणी एकेक करून मांडतो.

पहिलं गाऱ्हाणं: आपल्या उंबऱ्यावर घडलेलंही आपण शिकवत नाही.

पेणच्या शेजारच्या उरण तालुक्यात न्हावा-शेवा बंदर आहे. २७ जून २०१७ रोजी तिथलं गेटवे टर्मिनल बंद पडलं. ते चालवणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली. युक्रेनमधल्या करभरणीच्या एका सॉफ्टवेअरमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम सुटला आणि जगभरच्या जाळ्यांतून फिरत रायगडच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचला. संगणक गेले आणि कंटेनरांची कामं हाताने करायची वेळ आली. पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनी जाहीर सांगितलं की कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरातलं होतं.

आता तारखा बघा. नॉटपेट्या पसरला त्याचा एक मार्ग विंडोजमधला एक दोष होता. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी दिली. ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने त्या दोषाचं तयार हत्यार १४ एप्रिलला चव्हाट्यावर टाकलं. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने त्याच हत्याराने जगभर धुमाकूळ घातला. न्हावा-शेव्याचं टर्मिनल थांबलं ते २७ जूनला. ही टोळी आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून उघडपणे माल दाखवत होती, त्यामुळे तिच्यावर नजर असलेल्याच्या हातात तयारीला महिने होते. नुसती दुरुस्ती बसवून भागलं असतं असंही नाही. नॉटपेट्या संगणकाच्या स्मृतीतले पासवर्ड उचलून पुढच्या यंत्रात शिरत होता. ती करामत बेंजामिन देल्पी या फ्रेंच माणसाच्या ‘मिमिकॅट्झ’ या साधनाने २०११ पासून जगाला दाखवून ठेवली होती. म्हणजे दोन्ही वाटा आधीच सर्वांना ठाऊक होत्या. आपल्या किती वर्गांत ही तारखांची माळ फळ्यावर लिहिली गेली? उरण, पेण, पनवेलची कितीतरी मुलं याच बंदराच्या आसऱ्याने नोकरी करणार आहेत.

रोह्याचंही तेच. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत, नागोठण्याला पेट्रोकेमिकल संकुल आहे. २०१७ साली सौदी अरेबियातल्या अशाच एका संकुलात ‘ट्रायटन’ नावाचा प्रोग्राम सापडला. तो हिशेबाच्या संगणकात घुसला नव्हता. दाब किंवा तापमान हाताबाहेर गेलं की कारखाना आपोआप थांबवणारी सुरक्षा-यंत्रणा त्याचं लक्ष्य होती. हल्लेखोरांच्या हातून काही चुकलं आणि कारखाना नुसताच बंद पडला. त्यांचं गणित जमलं असतं तर माणसं मरू शकली असती. धाटावच्या कंट्रोल रूममध्ये उद्या बसणाऱ्या मुलाला हे नाव कॉलेजात कळायला हवं.

दुसरं गाऱ्हाणं: कॉसमॉस बँकेचं प्रकरण आपण बातमी म्हणून वाचतो, धडा म्हणून नाही.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या ग्राहकांची बनावट कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएमवर माणसं उभी राहिली आणि काही तासांत सुमारे ८० कोटी रुपये काढले गेले. एटीएमकडून येणारी विचारणा बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोचतच नव्हती. मध्येच बसवलेली खोटी यंत्रणा प्रत्येक विचारणेला होकार देत होती. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांमधल्या संदेश-जाळ्यामार्फत आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला.

हल्ल्याच्या आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना गोपनीय इशारा दिला होता: येत्या काही दिवसांत जगभरच्या एटीएममधून एकाच वेळी पैसे काढण्याचा बेत शिजतोय. हल्ला झाला तोवर तो इशारा जगजाहीर नव्हता. ब्रायन क्रेब्स या पत्रकाराने तो १२ तारखेला, रविवारी, छापला. क्रेब्स वर्षानुवर्षं गुन्हेगारांच्या अड्ड्यांवर नजर ठेवून लिहितो, त्यासाठी रशियन भाषा शिकला. २०१३ मध्ये अशाच एका अड्ड्यावर त्याच्या घरी हेरॉइन पाठवून त्याला अडकवण्याचा कट रचला गेला. तो कट तिथेच वाचत बसलेल्या क्रेब्सने टपाल यायच्या आधी पोलिसांना कळवून ठेवलं होतं. बघणाऱ्याचा उपयोग याहून सोप्या शब्दांत मला सांगता येणार नाही.

कॉसमॉस प्रकरणाचा दुसरा धडा अधिक बोचरा आहे. हल्ल्यामागची डोकी आपल्या हाती लागली नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. कोल्हापूरसारख्या ठिकाणी एटीएमसमोर बनावट कार्डं घेऊन उभी राहिलेली माणसं होती ती, या साखळीतली सगळ्यात खालची कडी. सोप्या पैशाच्या आमिषाने ‘तुझं खातं वापरायला दे’, ‘हे कार्ड घेऊन पैसे काढून आण’ असं सांगून अशाच पोरांना ओढलं जातं. तो बाजार कसा चालतो हे ज्याला वर्गात कळलंय, तो अशा हाकेला ओ द्यायच्या आधी निदान थबकेल.

तिसरं गाऱ्हाणं: बंदी घालून आपण मुलांना एकटं पाडतो.

आपली भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. चोरीच्या माहितीचा मोठा बाजार असलेलं ‘रेडफोरम्स’ २०२२ मध्ये बंद पाडलं गेलं. ते उभं केल्याचा आरोप असलेला पोर्तुगीज मुलगा तेव्हा २१ वर्षांचा होता, आणि आरोपपत्र खरं मानलं तर सुरुवात केली तेव्हा जेमतेम १४ वर्षांचा. पोरं या वाटेने घसरतात, हे खरंच आहे.

पण मार्कस हचिन्सचीही गोष्ट बघा. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या इल्फ्राकूम या किनाऱ्यावरच्या लहान गावातला हा मुलगा. पदवी नाही, सगळं स्वतःच शिकलेला. किशोरवयात हॅकरांच्या अड्ड्यांवर वावरला आणि पैशासाठी ‘क्रोनॉस’ नावाचा, बँकखाती लुटणारा प्रोग्राम लिहून बसला. नंतर बाजू बदलली आणि घातक प्रोग्रामांवर पाळत ठेवण्याचं काम धरलं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर रुग्णालयं आणि कारखाने बंद पाडत असताना त्याला त्या प्रोग्राममध्ये एक न नोंदवलेला वेबपत्ता दिसला. त्याने तो १० डॉलर ६९ सेंटला विकत घेऊन नोंदवला आणि वॉनाक्रायची घोडदौड थांबली. काही महिन्यांनी जुन्या गुन्ह्यासाठी अमेरिकेत अटक झाली, २०१९ मध्ये त्याने कबुली दिली. न्यायाधीशांनी भोगलेला काळच पुरेसा मानून त्याला सोडलं. डोकं तेच, पडद्यावरचं जगही तेच. फरक पडला तो ते कशासाठी बघायचं हे ठरल्यावर. ते ठरवायला मदत करणारा शिक्षक त्या वयात हाताशी असावा, एवढीच माझी मागणी आहे. आपल्या मुलांच्या हातात टेलिग्राम आणि यूट्यूब आहेच. आपण प्रयोगशाळेचं दार लावल्याने ते बंद होत नाही.

चौथं गाऱ्हाणं: दोष सांगणाऱ्याच्या पाठीशी आपण उभे राहत नाही.

एखाद्या विद्यार्थ्याला कॉलेजच्या, पतसंस्थेच्या किंवा नगरपालिकेच्या संकेतस्थळात भोक दिसलं, तर त्याने कोणाला सांगायचं? माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ प्रमाणे परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरलं तर भरपाई द्यावी लागते, आणि तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६ मध्ये ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हेतू चांगला होता म्हणून सुटका, असं स्पष्ट संरक्षण त्या कायद्यात नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२२ मध्ये सद्‌हेतूने केलेल्या सुरक्षा-संशोधनावर खटले न भरण्याचं धोरण जाहीर केलं, तसं आपल्याकडे झालेलं नाही. मात्र देशाच्या सायबर सुरक्षेची जबाबदारी असलेली सर्ट-इन ही संस्था दोषांची माहिती स्वीकारते. हे किती विद्यार्थ्यांना कोणी सांगितलं? नाव न घेता सांगतो, आपल्या भागातल्या एका संस्थेला एका मुलाने सभासदांची माहिती उघडी पडल्याचं कळवलं, तेव्हा उत्तर आलं, ‘पोलिसांत देऊ.’ भोक तसंच राहिलं आणि मुलगा गप्प बसला. पुढच्या वेळी तो कळवणार नाही.

आपल्या पट्ट्याला हे परवडणारं नाही. २०१० मध्ये पेण अर्बन बँक कोसळली, जवळजवळ २ लाख ठेवीदार रस्त्यावर आले. त्या घोटाळ्यात एकही हॅकर नव्हता, खोटी कर्जखाती होती. पण आत काय चाललंय हे वेळेत कोणी पाहिलं नाही तर केवढी किंमत मोजावी लागते, हे पेणला नव्याने सांगायची गरज नाही. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज या कंपनीच्या सेवेवर चालणाऱ्या देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार खंडणीखोर हल्ल्यामुळे तोडावे लागले. त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. सुरक्षा-संशोधकांच्या विश्लेषणानुसार शिरकाव झाला तो नीट न बसवलेल्या एका सर्व्हरमधून. असा सर्व्हर ज्याला आधी दिसतो त्या मुलाला गप्प बसवणं म्हणजे ठेवीदारांचं नुकसान. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण ज्या रोह्यात गेलं, तिथे तरी हे समजायला हवं.

आता मागण्या.

एक. वाचनावरची बंदी उठवा. ‘फ्रॅक’चे जुने अंक, १९८४ पासून निघणारं ‘२६००’ हे नियतकालिक, क्लिफर्ड स्टोलचं ‘द ककूज एग’ ग्रंथालयात ठेवा. स्टोल खगोलशास्त्रज्ञ. १९८६ मध्ये बर्कलेच्या प्रयोगशाळेत संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक निघाला, तो त्याने सोडून दिला नाही. आत शिरलेल्या माणसाला हाकलायच्याऐवजी तो महिनोन्‌महिने त्याची प्रत्येक कळ छापून घेत बसला. धागा जर्मनीतल्या हानोव्हरपर्यंत आणि तिथून सोव्हिएत गुप्तहेरांपर्यंत गेला. बघण्याची शिस्त शिकवायला याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही. ‘कॉन्टी’ या खंडणीखोर टोळीचे सुमारे ६०,००० अंतर्गत संदेश फेब्रुवारी २०२२ मध्ये फुटले. त्यात पगार आहेत, रजा आहेत, नव्या माणसांची भरती आहे. त्यावर वर्गात एक तास चर्चा ठेवा. गुन्हेगारी हा अंधाऱ्या खोलीतल्या एकट्या पोराचा छंद आहे, ही समजूत तासाभरात गळून पडेल.

दोन. बघण्याचे नियम लेखी करा आणि विद्यार्थ्याची सही घ्या. काही विकत घ्यायचं नाही. फुटलेली माहिती उतरवून घ्यायची नाही. कोणाशी बोलायचं नाही, कोणाला काही पुरवायचं नाही. सापडलेला पासवर्ड ‘चालतो का’ म्हणून टाकून पाहायचा नाही, कारण नेमकी तिथे बघण्याची हद्द संपते आणि शिरण्याची सुरू होते. जे पाहिलं त्याची तारीखवार नोंद ठेवायची. हे काम स्वतःच्या संगणकावरून आणि खऱ्या नावाने करायचं नाही, कॉलेजने वेगळ्या ठेवलेल्या यंत्रावर आणि शिक्षकाच्या माहितीत करायचं. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला तर थेट अड्ड्यांवर पाठवायची गरजच नाही. छापून आलेले अहवाल आणि फुटलेले संदेश त्यांना पुरेत.

तीन. प्रयोगशाळेत एक हनीपॉट बसवा, म्हणजे मुद्दाम आमिष म्हणून उघडं ठेवलेलं यंत्र. ‘काउरी’ हा त्यासाठीचा प्रोग्राम फुकट मिळतो, जुन्या संगणकावरही चालतो. कॉलेजच्या जाळ्यापासून तो पूर्ण तोडलेला ठेवा. इंटरनेटला जोडल्यावर फार वाट पाहावी लागत नाही, जगभरातून पासवर्ड आजमावणारे स्वतःच दार वाजवायला लागतात. ते काय टाइप करतात, कुठून काय उतरवतात, हे सगळं नोंदलं जातं. विद्यार्थ्यांना कुठेही न जाता हल्लेखोर दिसतो, आणि कायद्याची रेषाही ओलांडली जात नाही. वर्षाअखेरीचा प्रकल्प म्हणून याहून उपयोगी काही सुचत असेल तर जरूर सांगा.

चार. दोष कळवण्याची वाट तयार करा. कॉलेजच्या संकेतस्थळावर एक पत्ता द्या आणि सोबत एक वाक्य लिहा: कोणतीही हानी न करता, सद्‌हेतूने दोष कळवणाऱ्यावर संस्था तक्रार करणार नाही. बाहेरच्या संस्थेतला दोष दिसला तर विद्यार्थ्याने तो शिक्षकाकडे द्यावा आणि शिक्षकाने कॉलेजच्या पत्रावर सर्ट-इनला कळवावा. मुलाच्या एकट्याच्या नावाने ते पत्र जाऊ नये.

पाच. वर्षातून एकदा बसा. सहकारी बँका आणि पतसंस्थांचे व्यवस्थापक, धाटाव-नागोठण्याचे तंत्रज्ञ, पोलिसांचे सायबर अधिकारी आणि आपले विद्यार्थी एका सभागृहात येऊ द्या. ‘मी सैन्यातला अधिकारी, मूर्ती घ्यायची आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील’ असल्या फोनवर पैसे घालवलेल्या कारखानदारालाही बोलवा. १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करायची असते, हे त्याला तिथेच कळेल. आणि तो फोन करणारा टोळीच्या कुठल्या पायरीवरचा होता, हे आपले विद्यार्थी सांगतील.

आपली उत्तरं मला ठाऊक आहेत. ‘अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं.’ खरं आहे, पण प्रात्यक्षिकाचे विषय, प्रकल्प आणि ग्रंथालयाची खरेदी आपल्याच हातात असते. ‘शिकवायला माणूस नाही.’ नवी मुंबई आणि पुण्यात हे काम करणारी पेण-रोह्याची मुलं शनिवार-रविवारी घरीच येतात, त्यांना बोलवा. ‘उद्या काही झालं तर जबाबदार कोण?’ हा प्रश्न सर्वांत रास्त. म्हणूनच नियम लेखी हवेत, नोंदी हव्यात, शिक्षकाची सही हवी. आज काही झालं तर जबाबदार कोण, याचंही उत्तर आपल्याकडे नाही, कारण मुलं काय बघतात हेच आपल्याला माहीत नाही.

माझी पहिली विनंती मात्र छोटी आहे. ज्या मुलीचा माफीनामा फाइलमध्ये लागलाय, तो काढून टाका आणि तिला प्रयोगशाळेत परत बसू द्या. ते कॉलेज कुठलं, हे त्या कॉलेजला ठाऊक आहे. बाकीच्यांनी आपापल्या फाइली तपासाव्यात.

येत्या शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला जे महाविद्यालय या पाचांपैकी एक गोष्ट जरी करायला तयार होईल, तिथे मी सुट्टीच्या दिवशी येईन, मानधन न घेता. नियमांचा मसुदा आणि हनीपॉट बसवण्याच्या पायऱ्या मराठीत लिहून ठेवल्या आहेत. आपला होकार येताच पाठवतो. नकार असेल तर तोही कारणांसह कळवावा, म्हणजे पुढचं पत्र कोणाला लिहायचं ते मला ठरवता येईल.



आपला नम्र,
रोह्याचा एक सुरक्षा अभियंता